अनामत आणि हळदीचा डाग

बिऱ्हाड हलविण्याचा दिवस मोठ्या धांदलीचा असतो. सामान गाडीत चढत असते, मुले कंटाळलेली असतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरमालक स्वयंपाकघरात शिरतो. फ्रीजचे दार उघडून तो आतील पिवळे डाग पाहतो, शेगडीवरून बोट फिरवितो, चिमणीच्या चिकट जाळीकडे मान वर करून बघतो. आणि वर्षभराचा स्नेह त्या पाहणीत आटून जातो. भाडेकरूला अनामत रक्कम त्याच दिवशी हवी असते, कारण पुढच्या घराची अनामत बहुधा तिच्यातूनच भरावयाची असते. वाद डागाचा दिसतो खरा. पण अडलेला असतो तो एका कुटुंबाचा निवारा.

या वादात कायद्याची भूमिका काय, हे प्रथम पाहणे योग्य होईल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमान्वये पट्टेदाराने जागा घेतली तशीच परत करावयाची असते. मात्र योग्य वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. मुंबई-पुण्याकडे रूढ असलेला ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार हा भाडेपट्टा नव्हे. तेथे करारातील शब्दच मुख्यतः प्रमाण. तथापि स्वाभाविक झीज वगळण्याचे तत्त्व अशा करारांतूनही सामान्यतः आढळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५ व्या कलमाने असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक ठरविले असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती त्याने टाळली, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की, करारभंगाबद्दल रक्कम आधी ठरलेली असली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. अनामत ही घरमालकाची कमाई नव्हे. ती त्याच्या हाती विश्वासाने ठेवलेली ठेव आहे.

आता प्रश्न असा की, झीज कोणती आणि नुकसान कोणते? येथे कायद्यापेक्षा स्वयंपाकघराचे ज्ञान अधिक उपयोगी पडते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात विरघळते. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते प्लॅस्टिकमध्ये मुरते. धुण्याचा सोडा लागताच ते तांबूस होते, आणि डाग वाढला असे वाटून गृहिणी घाबरते. वस्तुतः हा रंग उन्हाला टिकत नाही. फ्रीजचे कप्पे काढून धुवावे आणि काही दिवस उन्हात ठेवावे, म्हणजे डाग पुष्कळ फिका होतो. उलट, जुन्या फ्रीजचे पांढरे प्लॅस्टिक प्रकाशाने व वयोमानाने आपोआपच पिवळे पडते. तो दोष कोणाच्याही आमटीचा नव्हे. शेगडीच्या पोलादावर आचेने उमटणारी निळसर-सोनेरी झाक हीही वापराचीच खूण होय. चिमणीवरील चिकट थर मात्र निराळा. तेलाची वाफ उष्णतेने व हवेने घट्ट होत जाऊन तो बनतो. वेळच्या वेळी जाळी धुतली असती, तर तो साचला नसता. त्याची सफाई भाडेकरूकडे मागणे गैर नाही.

खरी हानी पुष्कळदा डागाने होत नाही, ती डागाच्या भीतीने होते. घर सोडण्याच्या आदल्या रात्री तारेच्या घासणीने पोलाद खरवडले जाते, किंवा क्लोरीनयुक्त ब्लीच ओतून त्याला बारीक खड्डे पाडले जातात. डाग कदाचित क्षम्य ठरला असता. ओरखडा ठरत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करणे तर जिवावरचे आहे, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नुकसान सिद्ध झाले, तरी भरपाईला हिशेब हवा. समजा, १०,००० रुपयांची चिमणी १० वर्षे टिकावयाची होती आणि सहाव्या वर्षाअखेर भाडेकरूच्या हातून निकामी झाली. ६ वर्षांचा उपयोग मालकाला मिळून चुकला आहे. उरलेल्या ४ वर्षांचे ४,००० रुपये हीच तिची न्याय्य किंमत. जुन्या वस्तूच्या बदली नवी कोरी मागणे म्हणजे नुकसानीत नफा शोधणे होय. तसेच, ज्या डागाला सफाई पुरे, त्यासाठी सबंध उपकरणाची किंमत कापणे अन्यायाचे आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि ताबा घेताना योग्य ती वजावट करून ती परत द्यावी, असे सुचविले आहे. परंतु तो नमुना आहे. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. म्हणून कुटुंबाचा खरा आधार म्हणजे पहिल्याच दिवशी केलेली यादी. प्रत्येक उपकरणाचे वय, त्यावरील डाग व ओरखडे लिहून उभयतांनी सह्या कराव्या, तारखेसह छायाचित्रे घ्यावी, आणि घर सोडण्यापूर्वी आठ-दहा दिवस पुन्हा एकत्र पाहणी करावी, म्हणजे सफाईला अवधी मिळतो. वजावट करावयाची, तर तिची पावती दाखविणे घरमालकाचे कर्तव्य. आणि चिमणी स्वच्छ करून देणे भाडेकरूचे.

स्वयंपाकघरात रोज अन्न शिजते, तेथे डाग हा पडावयाचाच. त्याची किंमत भांडणाच्या भरात न ठरविता शांतपणे, कागदावर आधीच ठरविलेली असली, म्हणजे निरोप घेताना दोन्ही बाजूंची मने तरी स्वच्छ राहतात.