मोत्याचें पथ्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. कुत्र्याला धान्यावांचूनचा खाऊ कोणता द्यावा याचा खल करणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असें मलाही तीन वर्षांपूर्वीं वाटलें असतें. परंतु ज्या घरांत एक मुकें जनावर रात्र रात्र अंग खाजवितें आणि त्याला काय होतें आहे हें कोणासच उमगत नाहीं, त्या घरांत हा विषय हंसण्याचा राहत नाहीं.

आमचा मोत्या हा साधा देशी कुत्रा. सकाळीं दूध-पोळी, दुपारीं भात, शेजाऱ्यांकडून कधीं कोंबडीचा तुकडा, आणि सायंकाळीं माझ्या चहाबरोबर एक बिस्कीट, असा त्याचा क्रम होता. तो चार वर्षांचा असतांना त्याला खाज सुटली. कानांना दुर्गंधी येऊं लागली, पुढचे पंजे चाटून चाटून केंस तांबूस झाले, पोटाखालचें कातडें लाल झालें. पिसवा आणि गोचिडी यांचा बंदोबस्त केला. औषधानें चार दिवस बरें वाटे व पुन्हां मूळपदावर येई. माझी पत्नी रात्रीं उठून त्याचे पंजे हातांत धरून बसे, म्हणजे तेवढा वेळ तरी तो झोंपे.

अशा वेळीं सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एका स्नेह्यांनीं सांगितलें, "मास्तर, कुत्रा हा जातीनें मांसाहारी. त्याला गहूं सोसत नाहीं. धान्य बंद करा." मला तें एकदम पटलें. पोळी बंद झाली, भात बंद झाला, बिस्कीट बंद झालें, आणि 'धान्यविरहित' अशी ठळक अक्षरें असलेलें महाग खाऊचें पाकीट घरांत आलें. तीन आठवड्यांत मोत्याची खाज कमी न होतां वाढली.

तेव्हां आमच्या पशुवैद्यांनीं मला तें पाकीट उलटें करून मागची बारीक अक्षरें वाचावयास सांगितलीं. पस्तीस वर्षें मीं मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा' असें बजावलें, आणि स्वतः मात्र पाकिटाची दर्शनी बाजू वाचून उत्तर लिहून मोकळा झालों होतों! त्या खाऊंत गहूं नव्हता, तांदूळ नव्हता. परंतु हरभऱ्याचें पीठ होतें आणि चीजची भुकटी होती. चीज म्हणजे अखेर दूधच.

येथें थोडें शास्त्र सांगितलें पाहिजे. अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे अन्नांतील एखाद्या निरुपद्रवी घटकाला, बहुधा प्रथिनाला, शरीरानें शत्रू समजून त्याच्याशीं झगडणें. हीं प्रथिनें गव्हांत असतात, तशींच दुधांत आणि मांसांतही असतात. अशा अ‍ॅलर्जीच्या २९७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत गोमांस बाधणारे शेंकडा ३४, दूध व दुधाचे पदार्थ बाधणारे १७, कोंबडी बाधणारे १५, आणि गहूं बाधणारे १३ होते. तांदूळ तर अवघ्या दोघां-तिघां टक्क्यांच्या घरांत. हे आंकडे पाश्चात्त्य देशांतील कुत्र्यांचे आहेत. तेथील खाणें निराळें. तथापि गव्हाहून दूध व मांस यांनींच अधिक कुत्र्यांना त्रास दिला, एवढें त्यांवरून दिसतें.

कुत्र्याला धान्य पचतच नाहीं, हाही समज खरा नव्हे. स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ मध्यें दाखविलें कीं, पिष्ट पचविणारा पाचक रस ज्या जनुकापासून तयार होतो, त्याच्या प्रती लांडग्यापेक्षां कुत्र्यांत कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उंबरठ्याशीं हजारों वर्षें राहून कुत्रा माणसाचें अन्न पचवावयास शिकला आहे.

धान्यावांचून खाणें ही कल्पना आपल्या घरांना नवीन नाहीं. एकादशीला आपण पोळी-भात वर्ज्य करतों. परंतु दूध चालतें, शेंगदाणे चालतात, आणि वरई तर खरें पाहतां धान्यच असून तीही चालते. ती यादी रूढीची आहे. कोणाच्या पोटाला काय सोसतें हें तिच्यावरून कळत नाहीं. पाकिटावरचा 'धान्यविरहित' हा शब्दही तसाच आहे. धान्य काढलें एवढेंच तो सांगतो. त्याच्या जागीं काय घातलें हें सांगत नाहीं. आणि पुष्कळदां त्या जागीं वाटाणे, मसूर किंवा बटाटे घातलेले असतात. अशा रोजच्या आहाराचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशीं संबंध असावा काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जुलै २०१८ मध्यें जाहीर केली. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याइतका पुरावा नाहीं, असें त्यांनीं डिसेंबर २०२२ मध्यें सांगितलें. घाबरून जावें असें यांत कांहीं नाहीं. परंतु कारणावांचून धान्य तोडूं नये, इतका बोध घ्यावा.

मग कारण शोधावें कसें? रक्ताच्या तपासणीवर या बाबतींत भरंवसा ठेवतां येत नाहीं. एकच मार्ग आहे, आणि तो वैद्यांच्या देखरेखीखालीं चालावयाचा. कुत्र्यानें पूर्वीं कधींही न खाल्लेलें असें एक प्रथिन व एक पिष्ट निवडून आठ आठवडे केवळ तेंच द्यावयाचें. मोत्याच्या वांट्याला उकडलेला, कांटे काढलेला मासा आणि रताळें आलें. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघराच्या मागील अंगणांत निराळी चूल मांडून मीं साठीनंतर मासे शिजवावयास शिकलों!

पांचव्या आठवड्यापर्यंत मोत्याचीं लक्षणें जवळजवळ गेलीं. त्या आठवड्यांत त्याला जंतांची गोळी द्यावयाची होती. ती कडू, तो तोंड उघडीना. मीं ती पेढ्याच्या लहानशा तुकड्यांत दडवून दिली. एवढ्याशानें काय होणार, असें मनाशीं म्हटलें. दुसऱ्या रात्रीं मोत्या पुन्हां पंजे चावीत बसला, आणि माझी पत्नी पुन्हां त्याच्या उशाशीं जाऊन बसली. आपलें काय चुकलें, हें ती मला विचारीत होती. आणि मी दोन दिवस गप्प राहिलों. तिसऱ्या दिवशीं वैद्यांपाशीं सर्व कबूल केलें. ते रागावले नाहींत. "पुन्हां पहिल्या दिवसापासून," एवढेंच म्हणाले. माझ्या हलगर्जीपणाचें प्रायश्चित्त त्या मुक्या जिवानें भोगलें.

दुसऱ्या खेपेस आठ आठवडे निर्विघ्न पार पडले. मग एकेक पदार्थ पुन्हां देऊन पाहिला. पोळी दोन आठवडे दिली. कांहीं झालें नाहीं. भात दिला, कोंबडी दिली; कांहीं झालें नाहीं. दूध दिलें, आणि तिसऱ्या दिवशीं खाज सुरू झाली. ज्या पोळीला आम्हीं विनाचौकशी घराबाहेर काढलें होतें ती निर्दोष होती, आणि ज्या दुधाची वाटी आम्हीं मायेनें रोज भरीत होतों तेंच त्याला बाधत होतें. वर्गांत खोडी कोणी केली हें न पाहतां समोर दिसेल त्या मुलाला बांकावर उभें करण्याची चूक मीं नोकरींत कधीं केली नाहीं, असें मी म्हणूं शकत नाहीं. तीच चूक येथें पुन्हां घडली.

आतां खाऊसंबंधीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पहिली, परीक्षेचे आठ आठवडे चालू असतां खाऊ हा पथ्याच्याच अन्नांतून द्यावा. रताळें चालत असेल तर त्याचे पातळ काप मंद आंचेवर वाळवावे. कुत्रा ते आनंदानें चघळतो. गोळी द्यावयाची तीही त्याच अन्नांत. मांसाचा स्वाद दिलेल्या गोळ्या मिळतात, त्यांविषयीं वैद्यांना आधीं विचारावें. दुसरी, दोष सांपडल्यावरही एकाच पदार्थाचा खाऊ बरा: उकडलेला लाल भोपळा, गाजर, बी काढलेलें सफरचंद, सोसत असल्यास उकडलेलें अंडें. मीठ-मसाला नको. तिसरी, दिवसाच्या एकूण आहारांतील उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खाऊ देऊं नये. चौथी, कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका, चॉकलेट, आणि साखरेऐवजीं वापरतात तें झायलिटॉल, हीं धान्यविरहित असलीं तरी कुत्र्याला विषासमान आहेत.

आणि पथ्य हें एकट्यानें पाळून भागत नाहीं. घरांतील मुलें, कामाला येणाऱ्या बाई, शेजारी या सर्वांना तें ठाऊक हवें. आम्हीं मोत्याच्या गळपट्ट्याला एक चिठ्ठी बांधली होती: 'कृपा करून मला कांहीं खावयास देऊं नका.'

शेवटीं एक सांगितलें पाहिजे. प्रत्येक खाज ही अन्नाची नसते. पिसवा, धूळ, गवताचे पराग यांनीं ती अधिक वेळां येते. म्हणून खाज दिसतांच ताटांतील पदार्थांवर कुऱ्हाड चालवूं नका. आधीं वैद्यांना दाखवा. मनुष्य आपलें दुखणें सांगूं शकतो; जनावर तें केवळ भोगतें. त्याच्या वतीनें नीट चौकशी करणें हें आपलें काम आहे.

मोत्या आतां सुखानें झोंपतो. सायंकाळीं मी चहा घेतों तेव्हां तो शेजारीं येऊन बसतो, आणि मी त्याला कोरड्या पोळीचा एक तुकडा देतों. त्यांत धान्य असतें, दूध नसतें.