मुका दत्तक

नामदेवांच्या पुढची पोळी एका कुत्र्यानें पळविली, तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले, ही कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीं त्या कुत्र्यानें काय खाल्लें, हें मात्र कथेंत नाहीं. दयेचा उमाळा क्षणाचा असतो. पालनाचें व्रत अनेक वर्षांचें असतें.

हाच प्रश्न नागपुरांत न्यायासनापुढें आला. ऑक्टोबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आदेश दिला कीं, भटक्या कुत्र्यांस सार्वजनिक जागीं कोणी अन्न घालूं नये; ज्यास घालावयाचें असेल त्यानें कुत्रें आधीं दत्तक घ्यावें, महापालिकेंत त्याची नोंद करावी आणि घरीं नेऊन पोसावें. पुढील महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें या सक्तीस स्थगिती दिली. जो भाकरी घालतो त्यानें घरही दिलेंच पाहिजे, असा आग्रह धरतां येत नाहीं, असें त्या न्यायालयाचें म्हणणें पडलें.

सक्ती थांबली, स्वेच्छेनें दत्तक घेणाऱ्याचें दायित्व मात्र राहिलें. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानें प्राणिप्रेमी नागरिकांस महापालिकेकडे अर्ज करून कुत्रीं दत्तक घेण्याची मुभा दिली आणि तीं पुन्हां रस्त्यावर येणार नाहींत, हें पाहण्याचा भार त्यांच्यावरच टाकला.

हा भार किती, याचा हिशेब पिलूं घरीं आणण्यापूर्वीं करावा. कुत्रें बहुधा दहा ते पंधरा वर्षें जगतें. आज जो मुलगा पिलासाठीं हट्ट धरतो, तो उद्यां शिक्षणासाठीं पुण्यास जाईल. कुत्रें आईवडिलांपाशींच राहील. घर भाड्याचें असल्यास मालकाची संमति आहे काय? सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेर कोण नेईल? दिवाळींत सर्व मंडळी गांवीं गेलीं तर त्याच्यापाशीं कोण थांबेल? या प्रश्नांचीं उत्तरें घरांतील प्रत्येकानें आधींच द्यावीं.

दुसरी तयारी आरोग्याची. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पिलास लसी टोंचाव्या लागतात. त्यांतील पार्व्हो हा रोग लहान पिलांचा काळच होय. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस द्यावी आणि पुढें पशुवैद्यांच्या सल्ल्यानें ती पुनःपुन्हां द्यावी. कारण रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे प्राणी काय किंवा माणूस काय, बहुधा वांचत नाहीं. जंतांचें औषध आणि योग्य वयांत निर्बीजीकरण हींही तितकींच अगत्याचीं. नागपुरांत पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. अशा नगरांत ऐकीव उपचारांवर विसंबण्याचें कारण नाहीं.

तिसरी तयारी उन्हाची. २३ मे २०१३ रोजीं नागपुरांत पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कुत्र्याच्या अंगास माणसासारखा घाम सुटत नाहीं. तें धापा टाकून उष्णता घालवितें. म्हणून उन्हाळ्यांत त्याला सूर्योदयापूर्वीं फिरवून आणावें, भर दुपारीं सांवलीची गार जागा आणि ताजें पाणी द्यावें, आणि डांबरी रस्त्यावर नेण्यापूर्वीं हाताची मागची बाजू क्षणभर रस्त्यास टेंकून पाहावी. जें हातास सोसवत नाहीं, तें पायांसही सोसत नाहीं.

चौथी तयारी मनाची, आणि हीच बहुधा राहून जाते. आश्रयगृहांतून आलेलें पिलूं पहिले कांहीं दिवस खाटेखालीं दडून बसेल, रात्रीं रडेल, पायताण कुरतडील, भलत्या जागीं घाण करील. मारानें तें भीतीवांचून कांहींच शिकत नाहीं. ठराविक वेळीं अन्न, ठराविक जागा आणि एकच शांत आवाज यांनीं शिकतें. अशा वेळीं कंटाळून पिलूं परत नेऊन सोडणारीं कुटुंबें असतात. त्यांची एक अडचण संपते. पिलाचें मात्र दुसऱ्यांदां घर जातें, आणि पुढच्या हाताजवळ येतांना तें अधिकच बिचकतें.

म्हणून ज्या घरांत हा हिशेब जुळत नाहीं, त्यानें ‘यंदा नको’ असें स्वच्छ सांगावें. आश्रयगृहास जुनीं पोतीं, चादरी किंवा धान्य देणें, सुटीच्या दिवशीं तेथें तासभर काम करणें, हीही सेवाच आहे. आणि ज्या घराचा हिशेब जुळतो, त्यानें पिलूं निःशंक आणावें. तुपाची वाटी तेथें रोज लागणार नाहीं. पण भाकरी आणि पाणी मात्र रोज, वेळच्या वेळीं लागेल.