अर्जात रकाना नाही, म्हणून काय झालं?



नीटचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब मागे पडतो आणि पोरींचे अर्ज पुढे येतात. यंदा दोघी आयांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एकीची मुलगी आजीबरोबर बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायला जायची. दुसरीची दोन हंगाम आईबापांबरोबर ऊसतोडीला होती. दोघींचं म्हणणं असं, "ताई, हे डॉक्टरकीच्या अर्जात लिहायचं का? का लोक हसतील?"

आधी सरळ उत्तर देते. आपल्या राज्यात एमबीबीएसच्या अर्जात असं काही लिहायला रकानाच नाही. नीटचे ७२० गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. त्या गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर यादी लागते. दोघांचे गुण सारखे पडले तर आधी जीवशास्त्राचे गुण बघतात. कोण ऊस तोडत होतं, कोण नाटकात होतं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: "हे शिबिर करा, हे प्रमाणपत्र घ्या, मेडिकलला उपयोग होईल," असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. धावपळ करायचीच तर जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास यांच्यासाठी करा. पडताळणीला महिने लागतात. निकाल लागल्यावर पळण्यापेक्षा अकरावीतच फाईल तयार ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, हा न्याय झाला का? अर्धा झाला. ज्या मुलीला शिबिरं, सहली, परदेशवाऱ्या परवडत नाहीत, ती त्या कारणानं मागे पडत नाही. पण महागडे क्लासही सगळ्यांना परवडत नाहीत, हेही खरं.

पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. त्या कॉलेजात कित्येक वर्षं परीक्षेबरोबर मुलाखतीही होत. मुलगा किंवा मुलगी माणसांत कशी वागते, गरिबांत काम करायची तयारी आहे का, हे पाहून निवड व्हायची. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली आणि हे थांबलं. वेल्लोरचं कॉलेज सुप्रीम कोर्टात गेलं. २०१७ मध्ये तर त्यांनी एमबीबीएसच्या जवळजवळ सगळ्या जागा रिकाम्या ठेवल्या. पण २०२० मध्ये कोर्टानं सांगितलं, नीट सगळ्यांना लागू. खासगी प्रवेशांतले गैरप्रकार आणि देणग्यांचा बाजार रोखायचा, हे त्यामागचं मोठं कारण होतं. एका ठिकाणी मुलाखतीतून सेवाभावी डॉक्टर निवडले जात होते, तर दुसरीकडे मुलाखतीच्या आडून जागा विकता येत होत्या. दोन्ही खरं होतं.

मग पोरीचा तो अनुभव वाया गेला का? नाही. त्याचा उपयोग अर्जात नाही, पुढं आहे.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातलं आठवा. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, सरकारनं समिती नेमली. आता डॉक्टरच्या खुर्चीत फडावर राहिलेली मुलगी बसली आहे असं समजा. समोरची बाई म्हणते, "पिशवी काढूनच टाका." एक खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, कोपीजवळ ना संडास ना पाणी, पाळीतही मोळ्या उचलाव्या लागतात, हे त्या मुलीला कुणी सांगावं लागणार नाही. तिला कळेल की बाई ऑपरेशन का मागते आहे, आणि आधी औषधानं काय बरं होण्यासारखं आहे हे ती शोधेल. एवढं कळायला कुठल्याही पुस्तकाला वेळ लागतो.

जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावानं निवडलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. पुढं देशोदेशीचे डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कागद नसलेल्या अनुभवाची किंमत आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवली आहे.

काही ठिकाणी मात्र हे सांगावं लागतं. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचं 'निर्माण' शिबिर आहे, त्याची निवड अर्ज आणि मुलाखतीतून होते. सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणातही मुलाखती असतात. अमेरिकेत तर मेडिकलच्या अर्जातच असे १५ अनुभव लिहायची सोय आहे आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे तीन सविस्तर मांडायचे असतात. तिथली मराठी पोरंही ते लिहितात. मग आपल्या पोरींनी लाजायचं कशाला?

फक्त लिहायचं कसं ते सांगते. "मला समाजसेवेची आवड आहे" असं लिहू नये, ते सगळेच लिहितात. काय केलं, किती दिवस केलं, काय दिसलं आणि त्यानं आपल्यात काय बदललं, एवढं साध्या शब्दांत लिहावं. समजा, "दोन हंगाम टोळीबरोबर होते. कोपीवर सहा लहान मुलं सांभाळली. एकाला जुलाब लागले तेव्हा साखर-मिठाचं पाणी पाजत राहिले आणि टोळीतल्या माणसाबरोबर दवाखान्यात नेलं. दवाखाना किती लांब असतो ते त्या दिवशी कळलं." बस, एवढं पुरे.

दोन पथ्यं पाळा. जे केलं नाही ते लिहायचं नाही. आजीबरोबर गेली असेल तर "बाळंतपण केलं" नाही, "बाळंतिणीची सेवा केली" असं लिहावं. मुलाखतीत चार प्रश्न विचारले की खोटं लगेच उघडं पडतं. आणि दुसऱ्या बाईचं दुखणं सांगताना तिचं नाव-गाव लिहायचं नाही. ज्या बाईनं विश्वासानं सांगितलं, तिची लाज राखणं हा डॉक्टरकीचा पहिला धडा.

तेव्हा मैत्रिणींनो, पोरीला आत्ता अभ्यास करू द्या, कारण दार नीटच्या गुणांनीच उघडतं. पण एक साधी वही तिच्या हातात द्या. आठवतंय तोवर तारखेसकट चार-चार ओळी लिहून ठेवायला सांगा. आणि नंबर नाहीच लागला, तर नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे, प्रयोगशाळेचं शिक्षण आहे. ती वही तिथंही तिच्या कामाला येईल.