ताटातला चोथा, डब्यातला चोथा
(रामटेक येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्याच एका ताईंनी गटातून कर्ज घेतलं. कारण लिहिलं ‘औषधोपचार’. नंतर कळलं, वजन उतरवणाऱ्या पावडरीचा डबा घेतला होता. बाळंतपणानंतर अंग सुटलं म्हणून घरात रोज टोमणे. त्यांनी डबा सुरू केला, रात्रीचं जेवण सोडलं आणि धानाच्या बांधीत भोवळ येऊन पडल्या. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ.

मी डबा वाचला. ‘वनस्पतिजन्य तंतू’, म्हणजे मुख्यतः इसबगोलाचा भुसा. आपल्या आजीलाही तो माहीत होता. तो पाण्यात फुगतो, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. बद्धकोष्ठाला तो चांगला, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतो. पण वजनात फरक पडलाच तर अगदी थोडा. चरबी वितळवणारं त्यात काही नाही. घ्यायचाच तर पेलाभर पाण्यासोबत घ्या. कोरडा घेतला तर घशात अडकतो. इतर गोळ्या आणि तो यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून हे डबे ‘पूरक आहार’ म्हणून विकले जातात. पण खाद्यपदार्थाची फसवी जाहिरात हाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गुन्हा आहे. दहा लाखांपर्यंत दंड होतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अंग भरलेलं दिसलं म्हणजे पोषण झालं, असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम चोथा हवा असं सांगितलं, आणि तोही अन्नातून. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वालाच्या शेंगा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी यांत तो आहे. प्रश्न एवढाच, की सगळ्यांचं झाल्यावर बसणाऱ्या बाईच्या ताटात यातलं काय उरतं? बहुतेकदा भात आणि पातळ वरण.

वजन खरोखर त्रासदायक असेल तर दवाखान्यात जाऊन रक्त, साखर, थायरॉइड तपासून घ्या. त्या ताईंना गटाने रागावू नये. त्यांच्या घरी आपण चौघी जाऊ, घरच्यांशी बोलू. आणि आजपासून प्रत्येकीने घरात सगळ्यांसोबत जेवायला बसायचं. पुढच्या बैठकीत कोणाला जमलं, कोणाला नाही आणि का, ते सांगायचं.