बाळाचा श्वास वाजतो तेव्हा

जन्मानंतर दोनेक आठवड्यांत बाळाचा श्वास आत घेताना वाजू लागला, की घरात ‘कफ झालाय’ म्हणत ओव्याची पुरचुंडी तापवली जाते. दोष बहुधा छातीत नसतोच. स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो, श्वासासरशी आत ओढला जातो. रडताना, दूध पिताना, उताणं निजल्यावर आवाज वाढतो. नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून डॉक्टर बाळ जागं असतानाच हे पाहतात. बहुतेक बाळं दीड-दोन वर्षांत आपोआप बरी होतात. ओठ निळे पडले, तर मात्र रायपूरच्या एम्सचा विचार नंतर. भिलाईत असाल, तर आधी सेक्टर ९चं रुग्णालय गाठा. वजनच वाढत नसेल, तर तोंडातून दुर्बिणीने स्वरयंत्रावरचा जादा पडदा छाटतात. गळ्यावर बाहेरून चीर द्यावी लागत नाही.