जुनी वास्तू, नवे काम
(हीरकमहोत्सवी व्याख्यान)



संस्थेला साठ वर्षे झाली की एक प्रश्न हटकून उभा राहतो: जुनी इमारत राखावी, की पाडून नवी बांधावी? या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर बंगळुरूच्या पॅलेस रोडवर पाहावयास मिळते.

तेथील माणिक्यवेलू मॅन्शन हा प्रशस्त वाडा एके काळी म्हैसूरच्या राजघराण्याकडे होता. खाणव्यवसायात संपत्ती मिळवलेल्या माणिक्यवेलू मुदलियार यांनी तो विकत घेतला आणि त्यांचेच नाव वास्तूला कायमचे लाभले. पुढे ती सरकारी संस्थांच्या ताब्यात गेली. १८ फेब्रुवारी २००९ रोजी तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे दालन खुले झाले.

राहते घर आणि चित्रदालन यांच्या गरजा मात्र परस्परविरोधी असतात. घराला खिडक्या हव्यात, ऊनवारा हवा. चित्राला ऊन आणि ओल दोन्ही घातक. उन्हाने जलरंग फिकट होतात, ओलीने कागदाला बुरशी धरते. मोठ्या कॅनव्हासला दिवाणखान्याची भिंतही पुरत नाही.

मुंबईत याच संस्थेचे दालन १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाले. १९११ सालच्या त्या इमारतीचे बाह्यरूप राखले गेले. अंतर्भाग मात्र पार बदलला. बंगळुरूने निराळी वाट धरली. वाडा वाड्यासारखाच ठेवून वास्तुविशारद नरेश नरसिंहन यांनी त्याला नव्या दालनांची जोड दिली.

म्हणून तेथे जाणाऱ्याने घाई करू नये. आधी आवारातील झाडांखाली उभे राहून वाडा निरखावा, मग चित्रांकडे वळावे. एका वेळी चार-पाच चित्रे मन लावून पाहिली तरी पुष्कळ झाले. या संस्थेच्या संग्रहात राजा रविवर्मा आणि अमृता शेरगिल आहेत, तसेच के. के. हेब्बरही आहेत. उडुपीजवळच्या खेड्यात जन्मलेले हेब्बर मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. शाळेच्या भिंती काय घडवू शकतात, याची ती साक्ष आहे.

वास्तू केवळ आदराने टिकत नाही. तिला रोजचे काम आणि माणसांचा राबता लागतो. जिच्या दारातून मुले ये-जा करतात, तिची गळती वेळीच कोणाच्या तरी लक्षात येते. नवी प्रयोगशाळा उभारताना जुना जिना पाडण्यापूर्वी, तिला शेजारी जागा आहे का, हे साठीला पोहोचलेल्या प्रत्येक शाळेने एकदा मोजून पाहावे.