एका चाकावरचा संसार



आपल्याकडे संसाराला रथाची उपमा देण्याची प्रथा आहे. पती आणि पत्नी ही त्या रथाची दोन चाके, असे विवाहप्रसंगी वडीलधारी मंडळी आवर्जून सांगतात. ही उपमा ऐकताना एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. अर्ध्या वाटेवर एक चाक निखळले, तर तो रथ कोणी ओढायचा? राहिलेल्या एका चाकाने? की वाटेवरून जाणाऱ्या इतरांचेही त्या बाबतीत काही कर्तव्य आहे? आजच्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एकाचे नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अशा कोणत्याही वाढत्या शहराच्या कडेला असलेल्या वस्तीत ते सापडेल. मराठवाड्यातून कामासाठी आलेले तरुण जोडपे, पदरी दोन मुले. तो बांधकामावर, महिना सुमारे 12,000 रुपये मिळवणारा. वयाच्या तिसाव्या वर्षी तो परातीवरून खाली पडतो, पाठीच्या मज्जारज्जूला इजा होते आणि कमरेखालचे शरीर कायमचे निश्चेष्ट होते. ती शिवणकामाच्या कारखान्यात जाते, महिना 11,000 रुपये मिळवते. यापुढे चार माणसांचे अन्न, घरभाडे, मुलांचे शिक्षण आणि त्याचे औषधपाणी, हे सारे त्या एका पगारावर.

रात्रीचे दोन वाजता

अपघाताची बातमी कळते तेव्हा सारी वस्ती धावून येते. रक्त देणारे मिळतात, डबे येतात, वर्गणी जमते. आपल्या समाजाचा हा गुण निर्विवाद आहे. परंतु हा आजार महिन्याभरात बरा होणारा नसतो. वर्ष उलटते, लोक आपापल्या कामाला लागतात आणि त्या घराची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली वेदना कळत नाही. ऐकणाऱ्याला ते एक प्रकारचे सुखच वाटेल. प्रत्यक्षात सर्वांत मोठा धोका त्यातच असतो. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण शरीर त्याला तशी सूचना देते. येथे ती सूचनाच पोहोचत नाही. एकाच जागी दाब राहिला की त्वचेखालील रक्तपुरवठा थांबतो, प्रथम लालसर डाग उठतो आणि दुर्लक्ष झाले तर तेथे हाडापर्यंत जाणारी जखम होते. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. मूत्राशयावर नियंत्रण नसल्याने दिवसातून अनेकदा नळीने लघवी काढावी लागते. त्यात स्वच्छता राहिली नाही तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे ती गृहिणी रात्री अकराला, एकला, तीनला आणि पाचला उठते. सकाळी डबे करून आठच्या पाळीला कारखान्यात हजर होते. दुपारच्या जेवणाच्या सुटीत घरी फोन करून विचारते, ‘‘पाणी प्यायलात का?’’ रविवार हा तिचा सुटीचा दिवस नसतो; त्या दिवशी साठलेले धुणे असते. या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

मोजमापातील विसंगती

शासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. शासकीय नोकरीत चार टक्के आरक्षण आले. महाराष्ट्राने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण करण्याचा निर्णय घेतला. ही पावले महत्त्वाचीच आहेत. तरीही आपण डोळ्यांसमोर आणलेल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत त्यातले काय पोहोचते, हे तपासून पाहिले पाहिजे.

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी ऐंशी टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद, या दोन्ही अटी आहेत. त्यातील केंद्राचा वाटा महिना 300 रुपयांचा. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळू लागले आणि 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु या योजनेत दिव्यांगांच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये ठेवण्यात आली. म्हणजे महिन्याला सुमारे 4,170 रुपये. ती 11,000 मिळवते. वर्षाचे झाले 1,32,000. ती अपात्र!

शिधापत्रिकेचेही तेच. प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य मिळण्यासाठी शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये ठरली. एक लाखाच्या वर उत्पन्न गेले की पांढरी शिधापत्रिका. सरकारी दप्तरात हे घर सुस्थितीत गणले जाते. प्राप्तिकरात दिव्यांग आश्रितासाठी वजावट आहे खरी. परंतु ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला त्या वजावटीचा काय उपयोग? मदतीला पात्र ठरण्याइतके हे कुटुंब गरीब नाही आणि सवलत घेण्याइतके श्रीमंतही नाही. ती कामावर जाणे थांबवील, तर कागदोपत्री निराधार ठरेल. कष्ट करणाऱ्याला अपात्र ठरवणारी ही मोजपट्टी कोणाच्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही.

याच राज्यात 2024 मध्ये महिलांसाठी 1,500 रुपयांची मासिक योजना सुरू झाली, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. एका योजनेला अडीच लाख चालतात, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घराला पन्नास हजार का? शिवाय 2016 च्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते की, दिव्यांगांसाठीचे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी शुश्रूषा करणाऱ्याच्या भत्त्याचाही त्याच कलमात उल्लेख आहे. मात्र त्या साऱ्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी जोड आहे आणि त्या जोडीत भत्ता अडकतो. उत्पन्नाची मर्यादा ठरवताना अपंगत्वामुळे वाढणारा खर्च आधी वजा करावा, ही मागणी समाजाने सनदशीर मार्गाने आणि सातत्याने केली पाहिजे.

न मागितलेले हक्क

जे मिळत नाही त्याची चर्चा खूप होते. जे मिळू शकते त्याची माहितीच नसते.

पहिली गोष्ट नुकसानभरपाईची. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई देण्याचे दायित्व 1923 च्या कायद्यापासून आहे आणि आता ते सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाचे साठ टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक, असा हिशेब असतो. तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98. वेतन 12,000 धरले तर ही रक्कम 14,97,456 रुपये होते, म्हणजे जवळपास 15 लाख! प्रत्यक्षात काय घडते? रुग्णालयाच्या व्हरांड्यात मुकादम येतो, पंचवीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि ‘काही तक्रार नाही’ अशा कागदावर अंगठा घेतो. त्या क्षणी तिला कोणी सांगत नाही की, हक्क सोडून दिल्याचा असा कागद कायद्यापुढे टिकत नाही, दावा मात्र मुदतीत दाखल करावा लागतो. त्या व्हरांड्यात एक जाणता माणूस उभा असता, तर या घराचे पुढचे सारे आयुष्य बदलले असते. त्याच्याकडे पैसा असण्याचीही आवश्यकता नव्हती. माहिती आणि दोन दिवसांचा वेळ एवढेच पुरेसे होते.

दुसरी गोष्ट बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाची. मागील वर्षभरात नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते आणि अपंगत्व आल्यास साहाय्याचा मार्ग खुला होतो. परंतु नोंदणी अपघाताच्या आधी हवी.

तिसरी गोष्ट राज्य कामगार विम्याची. शासनाच्या आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या नळ्या, मलमपट्ट्या आणि गोळ्या यांचा भार त्याने हलका होत नाही. राज्य कामगार विम्यात मात्र विमाधारकाच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही मिळतात; कुटुंबात पतीही येतो. कामगाराचा हिस्सा वेतनाच्या 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के. तिच्या 11,000 रुपयांवर तिचे साडेब्याऐंशी रुपये आणि मालकाचे साडेतीनशेच्या थोडे वर. हे पैसे वाचवण्यासाठी तिचे नाव पटावर न चढवणारा कारखानदार त्या घराचे किती नुकसान करतो, याचा त्याने शांतपणे विचार करावा. असे कारखानदार आपल्याच परिचयात, आपल्याच नातेवाइकांत असतात. त्यांना हे सांगण्याचे धैर्य आपल्यात हवे.

तीन फुटांचा दरवाजा

2015 च्या अखेरीस ‘दिव्यांग’ हा शब्द देशभर रूढ होऊ लागला. त्यामागची भावना उदात्त आहे. परंतु शब्दाने उंबरा ओलांडता येत नाही. चाकाच्या खुर्चीला सुमारे तीन फुटांचा दरवाजा लागतो आणि उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे जोते एक फूट उंच असेल, तर उतार बारा फूट लांब हवा. किती घरांत, किती सभागृहांत, किती देवळांत हे प्रमाण सापडेल? समारंभपूर्वक खुर्ची दिली जाते, छायाचित्र वृत्तपत्रात येते, आणि घरी नेल्यावर कळते की ती दारातून आतच जात नाही. मग ती पावसात अंगणात गंजत राहते. देण्यापूर्वी दाराची रुंदी मोजली असती, तर हा प्रसंग टळला असता.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झाले असता त्यांनी 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि असंख्य अपंगांना शिक्षण आणि रोजगाराचा मार्ग दाखवला. खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात 1974 पासून जायबंदी सैनिक चाकाच्या खुर्चीवरून नवे आयुष्य घडवत आले आहेत. शरीराचा खालचा भाग गेला म्हणून माणसाचे हात, बुद्धी आणि कर्तृत्व जात नाही. आपल्या घरातील तो तरुणही भ्रमणध्वनी दुरुस्ती शिकू शकतो, दुकानाचे हिशेब लिहू शकतो, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेऊ शकतो. महिना तीन-चार हजार त्याने मिळवले, तर पैशापेक्षा मोठी गोष्ट घडते. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिला सांगण्यासारखे त्याच्याजवळ काहीतरी असते.

त्यागाचे कौतुक पुरे

आपल्या समाजात अशा स्त्रीला ‘सावित्री’ म्हटले जाते. सत्कार होतो, खण-नारळाने ओटी भरली जाते. हे कौतुक खरे असेलही, परंतु ते पुष्कळदा आपली सुटका करून घेण्याचा सोपा मार्ग ठरते. तिला देवी म्हटले की तिला झोपेची गरज आहे, हे विसरता येते.

महाभारतातील गांधारीची कथा येथे आठवते. पती दृष्टिहीन म्हणून तिने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तिच्या निष्ठेविषयी मनात आदरच आहे. पण परिणाम काय झाला? घरात पाहू शकणारे दोनच डोळे होते, तेही मिटले. मुले वाहवत गेली आणि ते पाहणारे कोणी उरले नाही. शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःची प्रकृती, स्वतःची झोप, स्वतःचे हसणे बोलणे यांवर पट्टी बांधून घेतली, तर त्या घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. तिचे डोळे उघडे राहावेत, ही जबाबदारी एकट्या तिची नाही.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. एका वस्तीत सहा घरांनी ठरवावे: आठवड्यातून एक रात्र एका घराचा तरुण तेथे झोपेल आणि कूस बदलून देईल. सहा रात्री ती सलग झोपेल. ओळखपत्राच्या आणि प्रमाणपत्राच्या रांगेत दुसरे कोणी उभे राहील. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे कोणीतरी नेटाने मागेल. गणेशोत्सवाच्या मंडपाला पायऱ्यांबरोबर उतारही असेल. हळदीकुंकवाचे आमंत्रण तिला जाईल, आणि ती गेली असता तासभर त्याच्याजवळ बसायला कोणी येईल. त्याच्या घरी गेलेला पाहुणा ‘‘आता कसे आहेत हे?’’ असे तिला न विचारता, सरळ त्याच्याकडे वळून विचारेल, ‘‘कसे आहात?’’

सप्तपदीची सात पावले ती दोघे चालली, तेव्हा भोवती सारा समाज अक्षता घेऊन उभा होता. आता तो चालू शकत नाही. त्या दिवशी अक्षता टाकणाऱ्या हातांनी आज रात्रीच्या दोन वाजताची पाळी उचलली, तर त्या अक्षतांना अर्थ होता असे म्हणता येईल. आपल्या वस्तीत असे घर कोठे आहे, याचा शोध प्रत्येकाने उद्या सकाळीच घ्यावा. फार लांब जावे लागणार नाही.